वाटून दिलेला खेळ परत मागता येतो का?

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांची पुस्तके ही प्रकाशनव्यवसायातली एक वेगळीच जात आहे. कादंबरी छापून झाली की ती पूर्ण झालेली असते. या खेळाचे पुस्तक मात्र छापखान्यातून बाहेर पडते तेव्हा अर्धेच असते. त्यात नियम असतात, राक्षसांची आणि मंत्रांची वर्णने असतात, एखादे कल्पित जग असते. पण कथा नसते. ती चार-पाच खेळाडू आणि खेळ चालवणारा सूत्रधार मिळून फाशांच्या साक्षीने रचतात, आणि रचता रचता पुस्तकातले नियम वाकवतात, नवे राक्षस जन्माला घालतात, जुन्यांना नवी नावे देतात. त्यांतल्या काहींना आपली रचना इतरांनीही खेळावी असे वाटू लागते आणि ते ती छापतात. या व्यवसायातला जवळजवळ प्रत्येक लेखक आधी दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकाचा खेळाडू असतो. त्यामुळे यात माझे काय, तुझे काय आणि सर्वांचे काय, हा प्रश्न या खेळाच्या पाचवीलाच पुजलेला आहे.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. खेळाचे नियम, त्यांतली गणिते आणि साचे कुणा एका प्रकाशकाच्या मुठीत असू नयेत. एकदा ते वापरण्याची मुभा दिली की ती काढून घेण्याची सोय देणाऱ्याच्या हाती राहता कामा नये. मालकाचा हक्क त्याच्या नावावर, त्याच्या जगावर, त्याच्या पात्रांवर आणि त्याने लिहिलेल्या शब्दांवर असावा, आणि तिथे तो पक्का असावा. ही मागणी करताना मी प्रकाशकांकडे दानत मागत नाही. या खेळाचा पन्नास वर्षांचा व्यवहार नीट पाहिला तर न्याय्य वाटणी हीच ठरते, असे माझे म्हणणे आहे.

कायदा या बाबतीत वरवर पाहता स्पष्ट आहे. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिशेब ठेवण्याच्या एका पद्धतीवरून झालेल्या बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात १८७९ सालीच हे तत्त्व घालून दिले: पद्धत समजावून सांगणारे पुस्तक लेखकाचे, पद्धत मात्र सर्वांची. पुढे ते अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात आले आणि बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारातही आले. २०१६ मध्ये टेक्ससमधल्या न्यायालयापुढे 'बँग!' या पत्त्यांच्या खेळाचे प्रकरण आले होते. दुसऱ्या एका प्रकाशकाने त्याचे नियम आणि पात्रांच्या क्षमता घेऊन नावे, चित्रे आणि पार्श्वभूमी तेवढी बदलली होती. न्यायालयाने त्याला कॉपीराइटचा भंग मानले नाही.

मग परवान्याची गरज उरते कुठे? खरी गोम तपशिलात आहे. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवा आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त आली तर काम फत्ते, हा नियम कुणीही आपल्या पुस्तकात आपल्या शब्दांत लिहू शकतो. पण आगीचा गोळा फेकण्याचा मंत्र घ्या. तो वीस फूट त्रिज्येत फुटतो आणि सहा बाजूंच्या आठ फाशांइतकी इजा करतो, हा झाला नियम. तो फुटताना कसा दिसतो आणि कसा आवाज करतो हे सांगणारे वाक्य ही झाली मांडणी. आता त्या मंत्राचे नाव, त्याची पातळी, तो जादूच्या कोणत्या शाखेत मोडतो आणि शेकडो मंत्रांच्या यादीत त्याच्या अलीकडे-पलीकडे काय येते, ही निवड आणि जुळवणी कशात मोडते? नियमात की मांडणीत? याचे उत्तर खटला पूर्ण चालल्याशिवाय मिळत नाही, आणि खटला पूर्ण चालवणे दोन-तीन माणसांच्या प्रकाशनसंस्थेला परवडत नाही. तिची बाजू खरी असली तरी ती सिद्ध होईपर्यंत तिचा व्यवसाय बुडालेला असतो. म्हणून या क्षेत्रातला परवाना हा मुख्यतः शांततेचा करार असतो. जे कायद्याने बहुधा आधीच मोकळे आहे ते वापरताना कुणी नोटीस घेऊन दारात उभे राहणार नाही, एवढेच आश्वासन त्यातून मिळते. आश्वासनाची किंमत मात्र ते किती टिकते यावर ठरते, आणि माझ्या मते सगळा वाद इथेच येऊन थांबतो.

या खेळाची सुरुवात कशी झाली ते पाहिले की 'आमची मूळ निर्मिती' हे शब्द उच्चारताना कुणाचाही आवाज थोडा खाली यावा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावे टीएसआर या कंपनीने छापला. त्यामागे गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ मध्ये लिहिलेले मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे नियम होते. आर्नेसन यांच्या टेबलावरचे प्रयोग होते, आणि त्या प्रयोगांमागे डेव्हिड वेझली यांनी त्याआधी चालवलेले, प्रत्येक खेळाडूने एकेका व्यक्तीची भूमिका घ्यायची असे खेळ होते. मंत्र एकदा म्हटला की जादूगाराच्या स्मरणातून पुसला जातो, ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या कथांतून आली. पहिल्या छपाईत टोल्किन यांचे हॉबिट होते. त्यांच्या साहित्याचे व्यापारी हक्क असलेल्यांनी आक्षेप घेतल्यावर त्यांचे 'हाफलिंग' झाले, आणि एंट नावाच्या चालत्याबोलत्या वृक्षांचे 'ट्रेंट' झाले. देवाच्या कृपेने जखमा बऱ्या करणारा पुरोहित हा पात्रांचा वर्ग आर्नेसन यांच्या टेबलावर उगवला, कारण तिथे एका खेळाडूचा रक्तपिपासू व्हॅम्पायर फारच प्रबळ झाला होता आणि त्याच्यापुढे उभे राहणारे कुणीतरी हवे होते. चोर हा वर्ग कॅलिफोर्नियातल्या खेळाडूंच्या एका गटाने रचला आणि गायगॅक्स यांनी तो ऐकून पुस्तकात घेतला. लोखंड गंजवून खाणारा राक्षस, घुबडाचे डोके असलेले अस्वल आणि जमिनीखालून येणारा बुलेट हे तिघे तर स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांच्या एका पाकिटातून आले. ती खेळणी पाहून गायगॅक्स यांच्या टेबलावर त्यांना नावे आणि शक्ती देण्यात आल्या. त्या खेळण्यांना आकार देणारे हात कुणाचे होते, याची नोंद कुठेही नाही.

गिथयांकी नावाच्या जमातीची हकिगत मला सर्वांत बोलकी वाटते. ही जमात चार्ल्स स्ट्रॉस या ब्रिटिश लेखकाने शाळकरी वयात रचली आणि खेळाच्या एका मासिकाकडे पाठवली. ते नाव त्याने जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९७७ च्या कादंबरीतून उचलले होते. पुढे टीएसआरने १९८१ मध्ये छापलेल्या राक्षसांच्या संग्रहात गिथयांकी आले आणि मुखपृष्ठावरही झळकले. आणखी वीस वर्षांनी, मुक्त परवान्यासोबत 'ही आमची खास ओळख, हिला हात लावू नये' अशी जी राखीव नावांची यादी आली, तिच्यात गिथयांकी होते. टेरी कुंट्झ यांच्या कल्पनेतून आलेला, एका मोठ्या डोळ्याचा तरंगता बिहोल्डरही त्याच यादीत होता. कंपनीने यात बेकायदा काही केले असे मी म्हणत नाही. साहित्य रीतसर घेतले आणि छापले गेले. पण एका कादंबरीकाराचे नाव, एका शाळकरी मुलाची कल्पना आणि एका कंपनीची छपाई या तिघांच्या जोडणीतून जे घडले त्याच्याभोवती शेवटच्याने कुंपण घातले, ही वस्तुस्थिती आहे. पहिल्या दोघांनी तसे कुंपण घातले असते तर तिसऱ्याच्या हाती काहीच आले नसते.

कुंपण किती आत ओढले जाऊ शकते याचा अनुभव या खेळाच्या जनकांनाही आला. आर्नेसन यांना आपल्या मानधनासाठी १९७९ मध्ये टीएसआरवर दावा लावावा लागला आणि तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. गायगॅक्स कंपनीतून बाहेर पडल्यावर त्यांनी दुसऱ्या प्रकाशकाकडून १९९२ मध्ये नवा खेळ काढला, तेव्हा टीएसआरने त्यांच्यावरच खटला भरला. १९९४ मधल्या तडजोडीनंतर त्या नव्या खेळाचे हक्कही टीएसआरकडे गेले. त्याच सुमारास इंटरनेटवर आपली पात्रे आणि साहसे एकमेकांना वाटणाऱ्या खेळाडूंनाही कंपनीने धाक घातला आणि त्यांचे लेखन कंपनी ठरवेल त्याच ठिकाणी, कंपनीच्या अटींवर ठेवण्याचा आग्रह धरला. ज्यांच्या उत्साहावर पुस्तके खपत होती त्यांनाच संशयित ठरवण्याचे हे धोरण होते. टीएसआर अखेर कर्जात बुडाली ती इतर अनेक कारणांनी; पण बुडताना तिच्या बाजूने उभे राहणारे फार थोडे उरले होते.

१९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या खेळ छापणाऱ्या कंपनीने टीएसआर विकत घेतली आणि २००० साली, खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर, रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने 'ओपन गेम लायसन्स', म्हणजे ओजीएल, आणले. नियमांचा एक संदर्भग्रंथ, ज्याला सगळे एसआरडी म्हणतात, मोकळा करण्यात आला. तो वापरून कुणीही पुस्तक छापावे, विकावे, पैसे मिळवावेत. फक्त परवान्याची प्रत सोबत छापावी, घेतलेल्या साहित्याची नोंद करावी आणि राखीव नावांना हात लावू नये, एवढ्याच अटी होत्या. कल्पना मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतून आली होती आणि हिशेब व्यापारी होता. इतरांनी साहसे आणि पुरवण्या छापल्या की खेळाडू त्याच नियमांत रमतात, आणि त्या सगळ्यांना मूळ नियमपुस्तक लागतेच. डॅन्सी यांनी पुढे आणखी एक हेतू जाहीरपणे सांगितला, आणि तो मला व्यापारी हिशेबापेक्षा मोलाचा वाटतो: मालकाच्या लहरीमुळे हा खेळ पुन्हा कधी बाजारातून नाहीसा होऊ नये, याची तजवीज त्यांना करायची होती. टीएसआर बुडताना त्यांनी पाहिली होती, त्यामुळे ही भीती त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हती.

ती तजवीज किती दूरदृष्टीची होती हे २००८ मध्ये कळले. त्या वर्षी चौथी आवृत्ती आली, तीसोबत कितीतरी आवळलेला नवा परवाना आला, आणि पायझो या प्रकाशनसंस्थेने त्याखाली काम करण्याऐवजी तिसऱ्या आवृत्तीचे मुक्त नियम घेऊन २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा स्वतंत्र खेळ उभा केला. ज्यांना जुनी पद्धत आवडत होती त्यांना ती चालू ठेवता आली. त्याआधीच, २००६ मध्ये, काही मंडळींनी त्याच मुक्त नियमांच्या आधाराने १९७० च्या दशकातला खेळ जवळजवळ जसाच्या तसा 'ऑस्रिक' या नावाने पुन्हा लिहून काढला होता, आणि त्यातून जुन्या पद्धतीच्या खेळांची एक मोठी शाखाच फुटली. मालकाने नाद सोडला तरी खेळ जिवंत राहू शकतो, हे इथे कृतीतून सिद्ध झाले. विझार्ड्सचेही यात नुकसान झाले नाही. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली, २०१६ मध्ये तिचे नियम पुन्हा ओजीएलखाली मोकळे झाले आणि हा खेळ पूर्वी कधी नव्हता इतका पसरला.

म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये जे घडले त्याचा इतका धक्का बसला. नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुन्या परवान्याच्या नवव्या कलमाप्रमाणे त्याच्या कोणत्याही अधिकृत आवृत्तीखाली मुक्त साहित्य वापरता येत होते, आणि नवी आवृत्ती पटली नाही तर जुनी वापरत राहा, असे खुद्द विझार्ड्सने आपल्या प्रश्नोत्तरांत लिहून ठेवले होते. आता कंपनी म्हणू लागली की जुनी आवृत्ती यापुढे अधिकृतच नाही. जुन्या मजकुरात परवाना 'कायमस्वरूपी' आहे असे होते. तो 'रद्द करता येणार नाही' असे मात्र नव्हते. २००० साली ही फट फारशी कुणाला खटकली नसावी. मुक्त सॉफ्टवेअरच्या जीपीएल या प्रमुख परवान्यातही ती ग्वाही स्पष्ट शब्दांत आली ती २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत. पण शेकडो लोकांनी ज्या कागदावर विसंबून घरदार चालवले, त्याच्या एका न लिहिलेल्या शब्दाचा फायदा वीस वर्षांनी घ्यायचा, हे मला कायद्याच्या कसोटीवर संशयास्पद आणि नीतीच्या कसोटीवर उघड उघड चूक वाटते.

मसुद्यातल्या अटीही तशाच होत्या. वर्षाला पन्नास हजार डॉलरहून अधिक कमाई करणाऱ्यांनी आपला आकडा कंपनीला कळवायचा. साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्के रॉयल्टी द्यायची, आणि ती नफ्यावर नव्हे, एकूण उत्पन्नावर. कागद, छपाई, चित्रकार, संपादक आणि पाठवणीचा खर्च वजा जाता छापील पुस्तकाच्या किमतीतून प्रकाशकाच्या पदरात काय पडते हे ज्याने एकदा तरी मांडून पाहिले आहे, त्याला ही अट म्हणजे त्या मर्यादेपुढे वाढू नका असे सांगणे आहे हे लगेच कळेल. सगळ्यांत जाचक कलम वेगळेच होते: या परवान्याखाली तुम्ही जे लिहाल ते तुमच्याच मालकीचे राहील, पण ते कायमचे, जगभर, मोबदला न देता वापरण्याचा, रद्द न होणारा हक्क कंपनीला मिळेल. कंपनीने दिलेला परवाना रद्द करता येईल आणि तुम्ही कंपनीला दिलेला मात्र येणार नाही. एकाच कागदावर ही दोन मापे शेजारी शेजारी लिहिलेली होती.

पुढचा भाग सर्वज्ञात आहे. खेळाडू संतापले, पायझोने इतर प्रकाशकांना घेऊन स्वतंत्र परवाना लिहिण्याची घोषणा केली, विझार्ड्सने सुधारित मसुदा काढून लोकांचे मत मागवले. पंधरा हजारांहून अधिक उत्तरे आली. नव्या परवान्याखाली काही छापण्याची इच्छा नाही असे त्यांतल्या ८८ टक्के लोकांनी सांगितले. २७ जानेवारीला कंपनीने जुना ओजीएल तसाच ठेवला, आणि पाचव्या आवृत्तीचा सुमारे चारशे पानांचा एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्स या ना-नफा संस्थेच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली, म्हणजे श्रेय द्या आणि वापरा या अटीवर, खुला केला. हा परवाना रद्द होऊ शकत नाही आणि त्याचा मजकूर कंपनीच्या हाती नाही. या निर्णयाचे श्रेय कंपनीला द्यायलाच हवे. जे मिळाले ते आधीच्यापेक्षा भक्कम आहे. पण ते वाचकांच्या उठावामुळे मिळाले, आणि ज्या लहान खेळांचे असे लाखो चाहते नाहीत, त्यांच्या लेखकांना असा उठाव कुठून मिळणार? म्हणून मुद्दा एका कंपनीच्या वागण्यापुरता ठेवू नये.

मूळ मालकाच्या बाजूलाही म्हणण्यासारखे आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. त्याने वर्षानुवर्षे पैसा आणि माणसे गुंतवून नियम घडवलेले असतात, खेळून तपासलेले असतात, आणि दुसरा कुणी त्यांवर मोठी कंपनी उभी करतो तेव्हा आपल्याला वाटा असावा असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय आपल्या खेळाच्या नावाने कुणी द्वेष पसरवणारे पुस्तक काढले तर ते थांबवण्याची सोयही त्याला हवी असते. विझार्ड्सने २०२३ मध्ये हे कारण दिले होते. पहिल्या मुद्द्यावर माझे उत्तर असे की वाटा त्याला मिळतोच, मूळ पुस्तकाच्या खपातून. तो पुरेसा वाटत नसेल तर पुढच्या आवृत्तीचे नियम मोकळे न करण्याचा पर्यायही त्याच्यापुढे उघडा आहे. जे आधीच देऊन टाकले आहे त्यावर मागाहून पट्टी लावण्याचा मात्र नाही. दुसऱ्या मुद्द्यासाठी ट्रेडमार्क आहे. ज्याला आपले नाव द्यायचे नाही त्याला ते नाकारता येते, आणि तेवढ्याने पुस्तक मालकाच्या नावाशी जोडले जात नाही. त्यासाठी काय लिहावे आणि काय लिहू नये याचा निवाडा मालकाच्या मर्जीवर सोपवला, तर आज ज्या कलमाने द्वेष रोखला त्याच कलमाने उद्या स्पर्धक रोखता येईल.

इतके म्हटल्यावर मुक्ततेच्या नावाने आपल्या बाजूला जे चालते तेही सांगायला हवे. ओजीएलच्या काळात अनेक प्रकाशकांनी मुक्त नियम भरभरून घेतले आणि आपले पुस्तक काढताना मुक्त काय, राखीव काय याची घोषणा अशी गुंतागुंतीची लिहिली की दुसऱ्याला त्यातले काही उचलताच येऊ नये. कुणी मंत्राचा नियम मुक्त ठेवला आणि मंत्राचे नाव राखीव. मग पुढच्याने तो नियम घेतला तरी त्याला वेगळे नाव द्यावे लागे, आणि वाचकाला दोन पुस्तकांत तोच मंत्र दोन नावांनी भेटे. परवान्याच्या पंधराव्या कलमाखाली सर्व पूर्वसूरींची नोंद छापायची असे; ती सूक्ष्म अक्षरांत शेवटच्या पानावर दडपली जाई. ओंजळीने घ्यायचे आणि चिमटीने द्यायचे, ही वृत्ती लहान प्रकाशकांतही आहे, आणि लहान असल्यामुळे ती क्षम्य ठरत नाही.

'डंजन मास्टर्स गिल्ड' या २०१६ मध्ये सुरू झालेल्या बाजारपेठेचे उदाहरण थोडे निराळे आहे. तिथे कुणीही फरगॉटन रेल्म्ससारखे विझार्ड्सचे राखीव जग, त्यातली शहरे आणि पात्रे वापरून लिहू शकतो आणि विक्रीतला निम्मा वाटा त्याला मिळतो. बदल्यात ते पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही, आणि त्यात त्याने नव्याने घडवलेले घटक त्या बाजारपेठेतले इतर लेखकही वापरू शकतात. परक्याच्या जगात घर बांधायचे तर भाडे द्यावे, हे मला मान्य आहे. परंतु एखाद्या नवख्या लेखिकेने त्या शहराच्या वेशीबाहेर स्वतःच्या डोक्यातून एखादा दलदलीतला देव, त्याचे भक्त आणि त्यांचे विधी उभे केले, तर त्या देवाला कंपनीच्या जगाशी काही देणेघेणे नसतानाही तो तिला तिथून काढून आपल्या स्वतंत्र पुस्तकात नेता येत नाही. इथे देवाणघेवाणीचे पारडे उघडपणे झुकले आहे. कंपनीचे जग वापरल्याबद्दल जगापुरते बंधन असावे. लेखिकेचे स्वतःचे जे आहे ते काही वर्षांनी का होईना, तिला मोकळे मिळावे.

याहून चांगल्या वाटा उपलब्ध आहेत, हे सांगायला मला आनंद वाटतो. 'फेट' या खेळाचे नियम २०१३ च्या सुमारास क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आले. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर या दांपत्याने २०१० मध्ये एक खेळ काढला आणि त्याच्या धर्तीवर स्वतःच्या शब्दांत खेळ लिहायचा तर आमची परवानगी लागत नाही, अशी भूमिका घेतली. 'आमच्या खेळाच्या बळावर' असे सुचवणारे एक बिरुद त्यांनी देऊ केले. ते लावावे की नाही हेही लिहिणाऱ्यावर सोपवले. त्या बिरुदाखाली भयकथांपासून शाळकरी प्रेमकथांपर्यंत शेकडो खेळ झाले, आणि बेकर दांपत्याचे नाव त्यामुळे पुसले न जाता सर्वतोमुखी झाले. जॉन हार्पर यांच्या खेळावरूनही अशीच एक परंपरा तयार झाली. सक्तीच्या कलमाशिवाय ऋण मान्य करण्याची रीत लेखकांत रुजू शकते, याचा हा पुरावा आहे.

पायझोच्या पुढाकाराने २०२३ मध्ये पूर्ण झालेला ओआरसी परवाना याच दिशेने एक पाऊल पुढे जातो. खेळाचे नियम आपोआप मुक्त, ते राखीव ठेवण्याची मुभाच नाही. जग, पात्रे, कथा, चित्रे आणि नावे आपोआप राखीव, ती देण्याची सक्ती नाही. शिवाय घेतलेल्या नियमांत तुम्ही जी भर घालाल तीही तितकीच मुक्त. या शेवटच्या अटीवर मतभेद आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सचा साधा श्रेयनिर्देश परवाना परतफेडीची अपेक्षा ठेवत नाही, आणि काहींना तेच अधिक मोकळे वाटते. मी ओआरसीच्या बाजूचा आहे, पण नियमांपुरताच. नियम ही सामाईक विहीर आहे. तिच्यातून उपसणाऱ्याने तिच्यात भर टाकावी. कथेवर अशी सक्ती मला मान्य नाही, कारण तिथे लेखकाचे रक्त आटलेले असते आणि ती वाटायची की नाही हे त्यानेच ठरवावे.

अशी फेररचना फुकट होत नाही, हेही लक्षात घ्यावे. ओजीएलपासून सुटका करून घेण्यासाठी पायझोला आपल्या खेळाची पुस्तके पुन्हा लिहावी लागली. त्यात पात्रांची सात्त्विक-दुष्ट अशी वर्गवारी गेली, जादूच्या जुन्या शाखा गेल्या, ड्राउ नावाची भूमिगत जमात गेली, आणि जो 'मॅजिक मिसाइल' मंत्र खेळाडूंच्या दोन पिढ्या उच्चारत आल्या तो 'फोर्स बॅराज' झाला. यांतल्या कित्येक गोष्टी कायद्याने बहुधा कुणाच्याच मालकीच्या नव्हत्या. तरीही एका सशक्त प्रकाशनसंस्थेला त्या काढून टाकणे अधिक सुरक्षित वाटले. आश्वासन एकदा डळमळले की लोक ताकही फुंकून पितात, आणि खेळाची सामाईक भाषा तेवढी तुटते.

राहिला प्रश्न श्रेयाचा, आणि तो सध्या सर्वांत दुर्लक्षित आहे. ओजीएलखाली पाचव्या आवृत्तीचे नियम वापरणाऱ्याला जी नोंद छापावी लागे, तिच्यात कंपनीच्या नावापाठोपाठ माइक मिअरल्स, जेरेमी क्रॉफर्ड, ख्रिस पर्किन्स आणि इतर लेखकांची नावे असत, आणि शेवटी 'गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या मूळ साहित्यावर आधारित' असे शब्द असत. क्रिएटिव्ह कॉमन्सखाली तेच नियम आले तेव्हा कंपनीने श्रेयासाठी जे वाक्य घालून दिले, त्यात फक्त कंपनीचे नाव आहे. परवाना अधिक भक्कम झाला आणि त्याच फटक्यात माणसे गळाली. हे भरून काढायला कुणाची परवानगी लागत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सखाली पुस्तक काढणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या प्रकाशकाला कंपनीचे वाक्य जसेच्या तसे छापून, त्याखाली स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल की या नियमांना कुणी आकार दिला, पुरोहित कुणाच्या टेबलावरून आला, चोर कुठल्या गटाने रचला, आणि आपल्या पुस्तकातला अमुक राक्षस आपल्याच खेळाडूंपैकी कुणाच्या डोक्यातून निघाला. ही नोंद शेवटच्या पानावरच्या बारीक टायपात न ढकलता मुख्य लेखकांच्या नावांशेजारी छापावी, आणि नवा परवाना लिहिणाऱ्यांनी कंपनीच्या नावाबरोबर व्यक्तींची नावे देणे त्याच्या अटींतच घालावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.